ताशी दोनशे! पण आधी हातात पाना घ्या

दोस्तांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही मोठे झाला आहात. पंचवीस वर्षांचे म्हणा. खिशात गाडी चालवायचा परवाना आहे, समोर लालभडक स्पोर्ट्‌स कार उभी आहे, आणि तुम्ही आहात दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडामधल्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर. हे तेच सर्किट, जिथे २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं फॉर्म्युला वनची भारतीय ग्रां प्री झाली आणि तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल पहिला आला. एक फेरी ५ किलोमीटरहून थोडी जास्त. वळणं १६. आणि एक सरळ पट्टा तर चक्क किलोमीटरभराहून लांब!

आज तुम्हाला इथे गाडी पळवायची परवानगी आहे. समोरून येणारा ट्रक नाही, मध्येच आडवी जाणारी म्हैस नाही, स्पीडब्रेकर नाही. मग काय, किल्ली फिरवायची आणि सुटायचं, होय ना?

चूक! त्या किल्लीला हात लावायच्या आधी बरंच काही करायचं असतं. खरं सांगायचं तर अशा दिवसाची तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू होते, आणि ती सुरू होते गॅरेजमध्ये, हात काळे करून. ती कशी असते, आणि का असते, तेच आज पाहू या.

ही शर्यत नव्हे

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. अशा दिवसाला 'ट्रॅक-डे' म्हणतात, आणि ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसतं. लोक स्वतःच्या गाड्या घेऊन येतात, त्यांचे अनुभवाप्रमाणे गट पाडले जातात, आणि एकेका गटाला साधारण पंधरा-वीस मिनिटं ट्रॅकवर सोडतात. नवख्याच्या शेजारी बहुधा एक अनुभवी शिक्षक बसतो. ओव्हरटेक कुठे करायचं आणि कुठे अजिबात नाही, हे आधी ठरलेलं असतं. पुढच्याने हाताने किंवा दिवा दाखवून 'जा' अशी खूण केल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो.

मग यात मजा काय? मजा ही, की आपली गाडी आणि आपण स्वतः नेमके किती पाण्यात आहोत, हे रस्त्यावर कधीच कळत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, अगदी सपाट भागातसुद्धा, मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ती असायलाच हवी. त्यापलीकडे काय होतं, हे शिकायची जागा म्हणजे ट्रॅक.

वेगाचं गणित

ताशी १०० च्या जागी ताशी २०० म्हणजे वेग दुप्पट. मग धोकाही दुप्पट? नाही. नववीच्या विज्ञानातलं सूत्र आठवा: गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. वर्ग आला की गंमत संपली! वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी १०० वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे ४० मीटरमध्ये थांबत असेल, तर ताशी २०० वेगाच्या गाडीला सुमारे १६० मीटर लागतात. तेही ब्रेक लागल्यानंतर! ब्रेकवर पाय जायला एक सेकंद उशीर झाला, तर तेवढ्या वेळात गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे क्रिकेटच्या जवळजवळ पावणेतीन खेळपट्ट्या.

आता ही ऊर्जा जाते कुठे? ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. दीड टनाची गाडी ताशी २०० वेगावरून थांबवली, तर सुमारे २३ लाख ज्यूल उष्णता तयार होते. एवढ्या उष्णतेत सात लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल! तुमच्या घरी बंबात किंवा गॅसवर आंघोळीचं पाणी तापायला किती वेळ लागतो? इथे ते काम पाच-सहा सेकंदांत होतं. आणि ही जवळजवळ सगळी धग सोसायची कोणी? चाकांमागच्या चार लोखंडी तबकड्यांनी आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेक पॅडनी. त्यातही पुढच्या दोन चाकांवर भार जास्त, कारण ब्रेक लावला की गाडीचं नाक खाली झुकतं.

म्हणून तयारीत मान पहिला ब्रेकचा. इंजिनाचा नव्हे!

ब्रेकच्या पोटात पाणी

ब्रेकच्या पॅडलवर पाय दाबला की चाकाशी पॅड आवळले जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पॅडल आणि चाक यांच्यामध्ये तार नसते, नळी असते. तिच्यात भरलेलं असतं ब्रेक ऑइल. द्रव दाबला तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचतो.

या ब्रेक ऑइलला एक वाईट खोड आहे. पावसाळ्यात डब्यातलं मीठ कसं ओलं होतं? तसंच हे तेल हवेतला दमटपणा हळूहळू पितं. 'डॉट ४' नावाचं तेल घ्या. नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. तेच तेल जुनं होऊन त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की किमान १५५ अंशांपर्यंतचीच खात्री उरते. बाजारात जाऊन भाजी आणायला १५५ अंश पुष्कळ झाले. पण ट्रॅकवर प्रत्येक फेरीत सात-आठदा जोरात ब्रेक लागतो आणि मध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही. मग नळीतलं तेल उकळतं. त्यात वाफेचे बुडबुडे होतात. आणि वाफ तर दाबली की आकसते! परिणाम? पॅडल दाबावं, तर ते मऊ लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातं, आणि गाडी काही थांबत नाही.

करून पाहा: सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या. ती पाण्याने पूर्ण भरा, हवा राहू देऊ नका. तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. हलतो का? आता थोडं पाणी काढून आत हवेचा मोठा बुडबुडा येऊ द्या आणि पुन्हा दाबा. दट्ट्या सहज आत जाईल. नळीत वाफ झालेल्या ब्रेकचं हेच होतं. (सिरिंज नवी, औषधाच्या दुकानातून आणलेली हवी. आणि आईबाबांना सांगूनच हं!)

घाटातून खाली येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरकाकांना कधी नीट पाहिलंय? ते सारखे ब्रेकवर पाय ठेवून बसत नाहीत. गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनाच्या जोरावर वेग धरून ठेवतात. का, ते आता कळलं ना? ब्रेक तापू नयेत म्हणून.

तर ट्रॅक-डेच्या आधी ब्रेक ऑइल नवं भरायचं. तेही सीलबंद डब्यातलं, फडताळात गेल्या वर्षीपासून अर्धा राहिलेल्या डब्यातलं नव्हे. नळ्यांतली हवा काढायची. पॅड अर्ध्याहून जास्त झिजलेले असतील तर बदलायचे. तबकड्यांना तडे गेलेत का, ते बॅटरी मारून बघायचं.

तळहाताएवढी दोस्ती

आता मला सांगा, ही दीड टनाची गाडी रस्त्याला चिकटलेली असते ती कुठे? चार टायर जिथे जमिनीला टेकतात तिथे. प्रत्येक टायरचा टेकणारा भाग असतो जेमतेम मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा! चार तळहातांवर सगळा खेळ.

म्हणून टायरची कुंडली नीट वाचायची. हो, कुंडली! ती टायरच्या अंगावरच छापलेली असते. समजा लिहिलंय '२२५/४५ आर १७', आणि पुढे '९४ वाय'. २२५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के. १७ ही आतल्या रिमची इंचातली मापं. ९४ हा वजन पेलण्याचा सांकेतिक आकडा. आणि शेवटचं इंग्रजी अक्षर वेगाचं: 'एच' असेल तर ताशी २१० पर्यंत, 'व्ही' असेल तर २४०, 'वाय' असेल तर ३००. आणखी एक चार आकडी संख्या शोधा. '१४२४' असेल तर तो टायर २०२४ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झाला. टायर वापरला नाही तरी रबर म्हातारं होतं, टणक होतं. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर तरुण आहे असं नाही!

टायरमधल्या हवेचंही असंच. पळून पळून टायर तापला की आतली हवा तापते आणि दाब वाढतो. गणित करून बघा. सकाळी २७ अंश तापमानाला ३० पौंड हवा भरली. टायरमधली हवा ६७ अंशांवर गेली. किती दाब होईल? मीटर दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब, म्हणून आधी वातावरणाचे १४.७ मिळवा: ४४.७. तापमान केल्विनमध्ये घ्या: ३०० आणि ३४०. ४४.७ गुणिले ३४० भागिले ३०० म्हणजे साधारण ५०.७. त्यातून १४.७ वजा केले की उरले ३६. म्हणजे एका चिमूटभर हवेचीही भर न घालता ६ पौंड दाब वाढला! दाब फार वाढला की टायर मधोमध फुगतो आणि तळहात आणखी लहान होतो. म्हणून अनुभवी लोक दाब मोजण्याचं छोटं यंत्र बरोबर ठेवतात, गाडी आत आली की लगेच गरम टायरचा दाब मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात. हो, वहीत! नुसत्या आठवणीवर कोणी विसंबत नाही.

टायर किती मोठी गोष्ट आहे, याची एक खरी हकिगत ऐका. १९ जून २००५. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला फॉर्म्युला वनची शर्यत होती. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाखरच्या गाडीचा मागचा डावा टायर तेराव्या वळणावर दगा देऊन गेला आणि गाडी भिंतीवर आदळली. ते वळण कललेलं आणि अतिशय वेगवान. मिशेलिन कंपनीने तपास केला आणि आपल्या संघांना सांगितलं, की त्या वळणावर हा वेग ठेवलात तर या टायरची खात्री आम्ही देऊ शकत नाही. मग काय झालं? हजारो प्रेक्षक बसलेले, सगळं जग टीव्हीवर पाहत असलेलं, आणि सुरुवातीची एक फेरी मारून मिशेलिन टायरच्या सगळ्या १४ गाड्या सरळ पिटमध्ये परत गेल्या! शर्यत झाली फक्त सहा गाड्यांची. प्रेक्षक भयंकर चिडले. पण विचार करा, टायरवर विश्वास नसताना ताशी ३०० च्या वेगाने त्या वळणात शिरणं शहाणपणाचं ठरलं असतं का?

आणि त्या सहांमध्ये कोण होतं माहीत आहे? आपला नारायण कार्तिकेयन! कोइमतूरचा हा ड्रायव्हर जॉर्डन संघाकडून चौथा आला. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय.

काय आवळायचं, काय काढायचं

ब्रेक झाले, टायर झाले. आता पाना घ्या. चाकाचे नट एकेक करून आवळायचे, पण शेजारशेजारचे नाही. एक इथला, तर पुढचा समोरचा, म्हणजे चाक सगळीकडून सारखं बसतं. त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना असतो. ठरलेला जोर झाला की तो 'कट्' असा आवाज देतो. नट सैल राहिला तर काय होईल ते सांगायला नको. पण अति आवळला तरी आटे खराब होतात, बोल्ट ताणला जातो. जोर दाखवायचा नसतो, मोजायचा असतो.

मग बॉनेट उघडायचं. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत आहे ना? लांब वळणात ऑइल एका बाजूला पळतं. भरलेली बादली घेऊन तुम्ही गरकन वळलात की पाणी कसं एका कडेला चढतं, तसं! ऑइल कमी असेल तर पंपाच्या तोंडाशी त्या क्षणी ऑइलच नसतं, हवा असते, आणि इंजिन कोरडं घासलं जातं. रेडिएटरचं पाणी, म्हणजे कूलंट, पुरेसं आहे का? नळ्यांतून गळत नाही ना? (गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधी, कधीही उघडू नका. आत कुकरसारखा दाब असतो.) बॅटरी घट्ट बसलीये? दिवे लागतात?

आणि मग गाडी रिकामी करायची. डिकीतली स्टेपनी, जॅक, हत्यारं, छत्री, पाण्याच्या बाटल्या, मोबाइल, आरशाला टांगलेली बाहुली, सगळं बाहेर! एवढंच काय, ड्रायव्हरच्या पायाखालची सुटी चटईसुद्धा. का बरं? जोरात ब्रेक लागला की गाडी थांबते, पण सीटवरची बाटली थांबत नाही. न्यूटनने सांगितलेलंच आहे. ती घरंगळत पुढे येते आणि ब्रेकच्या पॅडलखाली जाऊन अडकते. एक प्लॅस्टिकची बाटली! त्या क्षणी तिच्याइतकी धोकादायक वस्तू गाडीत दुसरी नसते.

आयोजकही गाडी तपासतात. ऑइल गळतंय, पट्टे सैल आहेत, बॅटरी हलतेय, असं काही दिसलं तर ते तुम्हाला ट्रॅकवर सोडत नाहीत. पैसे भरलेत, पाचशे किलोमीटर लांबून आलोय, असं काही चालत नाही.

आईबाबांसाठी एक ओळ: गाडीचा नेहमीचा विमा ट्रॅकवरच्या नुकसानीला बहुधा लागू होत नाही. कागद आधी वाचावेत.

गाडी तयार. आणि तुम्ही?

गाडीचा सर्वांत नाजूक भाग कोणता? ड्रायव्हर!

त्याची तयारी आदल्या रात्रीपासून. पुरेशी झोप, सकाळी हलका नाश्ता, दिवसभर भरपूर पाणी. बंद गाडीत, उन्हात, हेल्मेट घालून वीस मिनिटं लक्ष एकवटायचं म्हणजे अंगातून घामाच्या धारा लागतात. पाणी कमी पडलं की आधी डोकं जड होतं आणि मग निर्णय चुकायला लागतात. कपडे पूर्ण बाह्यांचे आणि सुती. नायलॉन नको, कारण आगीत ते वितळून कातडीला चिकटतं. बूट पातळ तळाचे, म्हणजे पॅडल पायाला नीट कळतं.

हेल्मेटची गोष्ट तर वेगळीच. १९५६ साली अमेरिकेत पीट स्नेल नावाचा एक ड्रायव्हर शर्यतीतल्या अपघातात गेला. डोक्यावर हेल्मेट होतं, पण ते कुचकामी ठरलं. त्याच्या मित्रांनी नुसता शोक केला नाही. १९५७ साली त्याच्या नावाने एक संस्था सुरू झाली आणि हेल्मेट कसं असावं याच्या कडक चाचण्या तिने ठरवल्या. आजही हेल्मेटमध्ये 'स्नेल'ची चिकटपट्टी दिसते ती याच संस्थेची. हेल्मेटच्या टणक कवचाखाली थर्मोकोलसारखा थर असतो. धक्का बसला की तो चेपतो, आणि तो चेपला म्हणून डोकं वाचतं. पण एकदा चेपला की संपला! म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही छान दिसलं, तरी पुन्हा वापरायचं नाही. तुमच्या बाबांच्या स्कूटरच्या हेल्मेटलाही हेच लागू आहे बरं का.

मग बसायची पद्धत. पाठ सीटला टेकवा, हात सरळ पुढे करा, मनगट स्टेअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. हात घड्याळातल्या पावणेतीनच्या काट्यांसारखे. आणि नजर? बॉनेटवर नाही, तर पुढच्या वळणावर. जिथे बघाल तिथे गाडी जाते. सायकल शिकताना खड्ड्याकडे बघत राहिलं की नेमकं त्याच खड्ड्यात पडायला होतं, आठवतंय?

वळण कसं घ्यायचं याचंही शास्त्र आहे. बाहेरच्या कडेने यायचं, वळणाच्या आतल्या कडेला अलगद शिवायचं आणि पुन्हा बाहेरच्या कडेला जायचं. त्यामुळे वळणाची त्रिज्या वाढते. टायर चांगला धरत असेल, तर ५० मीटर त्रिज्येचं वळण सुमारे ताशी ८० ने घेता येतं. तीच त्रिज्या १०० मीटर झाली, की ताशी ११० च्या वर. जोर न लावता वेग मिळतो! (हे फक्त ट्रॅकवर. रस्त्यावर 'बाहेरच्या कडेला' समोरून एस.टी. येत असते.)

आणि टायरचा खर्च जपून करा. समजा टायरजवळ १० रुपयांची पकड आहे. ते ब्रेकवर खर्च करा, नाहीतर वळण्यावर. पूर्ण १० ब्रेकवर उधळले तर वळायला शून्य, गाडी सरळ बाहेर! थोडं थोडं दोन्हीकडे दिलं तर? इथला हिशेब साध्या बेरजेचा नाही, पायथागोरसचा आहे. ब्रेकवर ८ गेले तर वळायला ६ उरतात, कारण ८ चा वर्ग अधिक ६ चा वर्ग म्हणजे १० चा वर्ग. म्हणून शिक्षक सांगतात: ब्रेक सरळ रस्त्यावर लावा, मग वळा.

झेंड्यांची भाषा

सकाळी सगळ्यांना एकत्र बसवून नियम सांगतात. या बैठकीला जो आला नाही, तो ट्रॅकवर गेला नाही! तिथे शिकवतात ती झेंड्यांची भाषा. तुम्हीही पाठ करा. पिवळा: पुढे धोका आहे, वेग कमी करा, ओव्हरटेक नाही. लाल: सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये या. निळा: मागून वेगवान गाडी येतेय. पिवळ्यावर लाल पट्टे: रस्ता निसरडा. काळा: तुम्ही, हो तुम्हीच, आत या. आणि चौकटींचा काळा-पांढरा: संपलं.

चौथी फेरी

आता तुम्ही ट्रॅकवर आहात. पहिली फेरी सावकाश, टायर आणि ब्रेक गरम करायला. दुसरी छान गेली. तिसरी त्याहून छान. लांबलचक सरळ पट्ट्यावर काटा १८० च्या पुढे गेला आणि छातीत धडधडलं. चौथ्या फेरीत तुम्ही वळणापाशी ब्रेक दाबला, आणि... पॅडल नेहमीपेक्षा बोटभर जास्त खाली गेलं. गाडी वळली. काही झालं नाही. शेजारच्या शिक्षकांना कदाचित कळलंही नाही. वेळ अजून दहा मिनिटं शिल्लक आहे. या दिवसासाठी तुम्ही दोन वर्षं पैसे साठवलेत. मित्र पिटमध्ये कॅमेरा घेऊन उभे आहेत.

काय कराल?

दोस्तांनो, सगळी गोष्ट या प्रश्नासाठी होती. वाफेचे बुडबुडे तुमच्या साठवलेल्या पैशांचा विचार करत नाहीत. बोटभर खाली गेलेलं पॅडल पुढच्या फेरीत पायाखालून पूर्ण निसटू शकतं. तेव्हा एकच उत्तर आहे. शिक्षकांना लगेच सांगा, वेग उतरवा, मागच्यांना खूण करा, ब्रेक शक्य तितका कमी वापरत उरलेली फेरी पूर्ण करा म्हणजे वाऱ्याने तबकड्या गार होतील, आणि आत या. उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या ब्रेकला ते सोसत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला उटी लावा.

मित्र हसतील? हसू देत. यापेक्षा मोठ्या माणसांना हसलेत लोक. स्कॉटलंडचा जॅकी स्टुअर्ट तीन वेळा जगज्जेता झाला: १९६९, १९७१ आणि १९७३. त्याआधी १९६६ साली बेल्जियममधल्या स्पा इथे पहिल्याच फेरीत एकदम पाऊस आला आणि त्याची गाडी रस्त्याबाहेर फेकली गेली. स्टेअरिंगखाली पाय अडकलेले, अंगावर पेट्रोल गळतंय, आणि त्याला सोडवायला साधा पाना नाही! ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट या दोघा ड्रायव्हरांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि त्याला बाहेर काढलं. सुटका व्हायला सुमारे २५ मिनिटं लागली. त्यानंतर स्टुअर्ट आपल्या स्टेअरिंगला पाना चिकटवून शर्यतीला उतरू लागला, आणि चांगली कुंपणं, डॉक्टर, सीटचे पट्टे यांसाठी भांडत राहिला. लोक त्याला घाबरट म्हणाले. आज प्रत्येक सर्किटवर डॉक्टर असतो, तो या 'घाबरटा'सारख्या माणसांमुळेच.

आणि आता, तुमची सायकल

पंचवीस वर्षांचे व्हायला तुम्हाला अजून वेळ आहे. मोटार चालवायचा परवाना अठराव्या वर्षाआधी मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे. वेगाची फारच हौस असेल तर आईबाबांना घेऊन गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर जा. शूमाखर, सेना, फेटेल, सगळे तिथूनच पुढे आले. पण घाटातल्या रस्त्यावर, मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून 'अजून मार, अजून मार' म्हणणं म्हणजे वेगाची हौस नव्हे. 'अति घाई संकटात नेई' ही घाटातली पाटी आपण वाचून सोडून देतो. ती लिहिणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

या रविवारी एक काम करा. आपली सायकल अंगणात घ्या. दोन्ही ब्रेक दाबून बघा. रबर झिजलंय का? तार सुटत आली नाही ना? टायर अंगठ्याने दाबा. चाकाचे नट पान्याने तपासा. चेनला दोन थेंब तेल द्या. हँडलला लटकवलेली ती पिशवी पुढच्या चाकात जाईल अशी तर नाही ना? काढून टाका. आणि एका वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

ताशी २०० च्या वेगाने गाडी चालवणारा चांगला ड्रायव्हर सकाळी नेमकं हेच करतो. फक्त त्याचा पाना थोडा मोठा असतो.